मॅट नव्हती, माती होती

कबड्डीत मी डावा कोपरा राखायचे. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा माझ्या पंजात आला की सुटत नसे, आणि सुटलाच तर सुजून सुटत असे. आमच्या रायगडात असंच खेळतात. मैदानात दात पडतात, मैदानाबाहेर खुर्च्या उडतात, आणि मग तेच लोक एका टेम्पोत कोंबून घरी जातात. माझं नाक मोडलं ते वाकडंच बसलं. राग यायला मला फार कारण लागत नाही. आला की तो आधी हातात येतो, मग तोंडात, आणि डोक्यात सगळ्यात शेवटी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं ते वाचून कुणी दचकायला नको.

गुडघा गेला आणि खेळ सुटला. पेणच्या एका शाळेत मी आता मुलींना खेळ शिकवते, राहायला रामवाडीला आहे. ऑपरेशननंतर घरात पडून होते, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकून कान किटले होते. कुणीतरी सांगितलं की मराठीत एक ऑनलाइन ज्ञानकोश आहे, तो कुणीही लिहू शकतं, पैसे मात्र मिळत नाहीत. उघडून बघितलं तर कबड्डीच्या लेखात पकडींची नावंसुद्धा धड नव्हती. पडल्या पडल्या ती नीट केली, आणि मग सवयच लागली.

तिथल्या रीती मला सासरच्या रीतींपेक्षा जड गेल्या. जे लिहाल ते कुठून घेतलं ते सांगायचं. सांगितलं नाही तर कुणी ओरडत नाही, नुसतं त्या वाक्याच्या बाजूला ‘संदर्भ हवा’ असं बारीक अक्षरात चिकटवून जातात. प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं. भांडायचं असेल तर तिथे भांडायचं, पण आधी नमस्कार घालायचा, शेवटी सही करायची, आणि समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चालायचं. कुणी कधी कोणता शब्द घातला, कोणता काढला, हे सगळं लेखाच्या इतिहासात कायम राहतं. माझ्यासारखीला हे म्हणजे हात पाठीमागे बांधून पकड करायला सांगण्यासारखंच होतं. तरी मी शिकले, कारण शिकवणारा भेटला.

हा माणूस रोह्याचा होता. स्वतःबद्दल त्यानं तिथे एवढंच लिहिलं होतं. त्याचे निरोप असे यायचे: ‘सप्रेम नमस्कार. आपण घातलेल्या मोलाच्या भरीबद्दल आभार. स्रोत नमूद केल्यास लेख अधिक भक्कम होईल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.’ वाचून मला हसू यायचं, पण अंगावरून कुणी हात फिरवावा तसं बरंही वाटायचं. माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या लेंगा-सदऱ्यातले निवृत्त मुख्याध्यापक उभे राहत.

वडखळच्या पलीकडे खाडीकाठी एक गाव आहे. तिथली कबड्डी स्पर्धा जुनी. तिच्यावरचा लेख मीच सुरू केला होता, आणि त्यात एक वाक्य होतं की एका अंतिम सामन्यात चढाईपटूचा मानेला मार लागून मृत्यू झाला. स्पर्धेच्या जुन्या स्मरणिकेत ते छापलेलं होतं, म्हणून तेवढंच लिहिलं. त्यापेक्षा जास्त मला ठाऊक होतं, कारण तो सामना मी वडिलांच्या शेजारी, रेषेला लागून बसून पाहिला होता.

चढाईपटू त्याच गावचा होता, गडी तगडा. समोरून त्याला रोह्याजवळच्या वरसे गावच्या एका खेळाडूनं छातीवर धरलं. गड्यानं खाली वाकून मुसंडी मारली, तशी पकड छातीवरून सरकून गळ्याला आली. मान काखेत अडकली. गडी मध्यरेषेकडे जीव खाऊन रेटत होता, मागून बाकीचे अंगावर पडायला धावत होते. वरसेच्या खेळाडूनं हात सोडला. मी ते बघितलं, त्याची बोटं उघडलेली बघितली. सुटलेला गडी तिरका होऊन डोक्यावरच बाजूच्या रेषेपलीकडे गेला. जमीन दाबायचा दगडी रूळ कुणा गाढवानं रेषेच्या बाहेर तसाच ठेवला होता, त्याच्यावर त्याचं कपाळ आपटलं आणि मान मागे गेली. तोल जाऊन वरसेचा खेळाडूही त्याच्यावर कोसळला. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, गुडघा टाकला. मग खुर्च्या, बांबू, दगड. वडिलांनी मला काखोटीला मारलं आणि पळाले. त्यांच्या पाठीत बसलेल्या दगडाचा आवाज माझ्या छातीला जाणवला होता.

तो वरसेचा खेळाडू म्हणजे पुढे आमचे मामा. त्यांनी खेळणं त्या दिवशीच सोडलं. कंपनीत शिफ्ट करून सुट्टीच्या दिवशी ते पेणला येत आणि आम्हा मुलींना फुकट शिकवत. घोट्याची पकड मला त्यांनीच शिकवली. गळ्याला हात गेला तर मात्र ते मैदानाबाहेर काढत आणि परत घेत नसत. आम्ही सगळ्याजणी त्यांना मामा म्हणायचो.

गेल्या वर्षी शाळेच्या स्पर्धांमुळे बरेच दिवस मला ज्ञानकोशाकडे फिरकायला जमलं नाही. त्याच दिवसांत मामींचा फोन आला. त्यांना धड बोलताही येत नव्हतं.

सकाळी मामा दूध घेऊन येत होते. वरसेच्या वळणावर जीपमधून चौघं उतरले. त्यातला एक त्या मेलेल्या गड्याचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो आईच्या पोटात होता. त्यानं मामांना भिंतीशी दाबलं आणि मोबाइल तोंडासमोर धरला. म्हणाला, “वाच, म्हाताऱ्या. मोठ्यानं वाच.” पडद्यावर आमच्या ज्ञानकोशातलं पान होतं. मामांच्या नावासकट लिहिलं होतं, की त्यांनी मुद्दाम मानेवर गुडघा टाकून चढाईपटूचा जीव घेतला. मामा वाचत होते आणि शब्दाशब्दाला ठोसा बसत होता. दुधाची पिशवी फुटली. वाक्य संपेपर्यंत जबडा मोडला होता. जाताना तो सांगून गेला, की स्पर्धेच्या दिवशी तुला उचलून नेणार, मैदानात उभा करणार आणि सगळ्या गावासमोर कबूल करून घेणार. मग बघू जिता ठेवायचा का नाय.

मामांनी पोलिसांत जायला साफ नकार दिला. दात तारांनी बांधलेले, चेहरा भोपळ्याएवढा, आणि मान नुसती नाही-नाही करत होती. स्पर्धा जवळ आली होती. मामी दाराला आतून कडी घालून बसायच्या.

मी लेख उघडला. ते वाक्य तिथे होतं, आणि शेजारी ऐटीत संदर्भही होता: एका स्थानिक साप्ताहिकातला लेख. मी वाक्य काढून टाकलं. थोड्या वेळात ते परत आलं. परत आणणारा रोह्याचाच. ‘सप्रेम नमस्कार. संदर्भ असलेला मजकूर चर्चेविना काढू नये, ही विनंती.’ मी परत काढलं आणि चर्चापानावर लिहिलं की मी तिथे होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यानं उत्तर दिलं: ‘आपल्या भावनांचा आदर आहे. मात्र स्वतः पाहिलेले हा संदर्भ होत नाही. प्रकाशित स्रोत असल्यास कृपया द्यावा.’

त्या ‘कृपया’नं माझं डोकं फिरलं. इथे एका म्हाताऱ्याला नळीनं पेज पाजतायत आणि हा मेला मला विनंती करतोय! शिवी देणाऱ्याशी निदान झटता येतं. हा माणूस हात जोडून दारात उभा, आणि दारामागे मामा मार खातायत. मला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या मी त्या पानावर लिहिल्या, आणि शेवटी लिहिलं की रोह्याला येऊन तुझे दात तुझ्या घशात घालते. सहीसुद्धा केली, रीतीप्रमाणे. व्यवस्था बघणाऱ्या प्रचालकांनी मला काही दिवसांसाठी लिहायला बंदी केली, तीही अतिशय गोड शब्दांत.

माझ्या पानावर रोह्याचा शेवटचा निरोप होता: ‘आपण येणारच असाल तर चहा घेऊ. स्टेशनकडून येताना पिवळी यंत्रे उभी दिसतील, तिथे कुणालाही विचारावे.’

मी एसटीनं गेले. वाटेत हाताची बोटं मोडत बसले होते, शेजारची बाई सरकून बसली. पिवळी यंत्रं म्हणजे जेसीबी निघाले. एकाच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि आतून कुठल्याशा अडलेल्या नट-बोल्टाच्या आईबहिणीचा उद्धार चाललेला. असल्या शिव्या मी मैदानातही ऐकल्या नव्हत्या. पाय सरकत बाहेर आले, त्यांच्यामागून ऑइलनं काळा झालेला चाळिशीचा दांडगा माणूस आला.

“काय पायजे?”

“सप्रेम नमस्कार,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “च्यायला! दात घशात घालनारी ती तुमी? मी समजलो कोन पैलवान असंल.”

मी त्याच्या कानाखाली वाजवली. मनापासून वाजवली, हात पार खांद्यापासून फिरवून. माझा पंजा काळा झाला. त्यानं गाल चोळला, मला, माझ्या हाताला आणि माझ्या गावाला एकेक शिवी दिली, आणि मग साबणाची पूड घेऊन नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायला लागला.

“बसा त्या टायरवर,” तो म्हणाला. “तितलं, त्या पानावरलं काय बगायचं तर मी हात धुवूनच बगतो.”

मी विचारलं, की तोंडात गटार असताना तिथे एवढी साखर कुठून येते? तो म्हणाला, “दिसभर हितं शिव्याच हायेत. गिऱ्हाईक शिव्या देतं, मी देतो. तितं कोन मला मेकॅनिक म्हनून बोलत नाय. मी नीट बोललो की समोरचा पन नीट बोलतो. बरं वाटतं.” राग गेला नव्हता, पण दुसरी थप्पड मारायचं मन होईना.

त्यानं मोबाइलवर साप्ताहिकातला लेख काढून माझ्या हातात दिला. मी पहिल्यांदाच तो पुरता वाचत होते. ‘मॅटवर रंगलेल्या त्या अंतिम सामन्यात...’

“मॅट कुठली?” मी म्हटलं. “त्या गावात तेव्हा माती होती. मॅट जिल्ह्यात कुणी बघितलीसुद्धा नव्हती.”

“टीव्हीवर तर मॅट असते,” तो म्हणाला.

“टीव्हीवर आत्ता असते. ज्यानं तो सामना बघितला किंवा बघणाऱ्याला विचारलं, तो मॅट लिहिणारच नाही. हे कुणी लिहिलं?”

त्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला. लेखाचा इतिहास उघडून तो मागे मागे जात राहिला. निनावी कुणीतरी येऊन मामांच्या नावानं ते वाक्य घालून गेलं होतं, ओबडधोबड. त्याच दिवशी रोह्याच्या या माणसानं त्याला ‘संदर्भ हवा’ चिकटवलं, आणि जाता जाता वाक्य सुबक केलं. ‘मॅटवर रंगलेल्या’ हे शब्द त्याचे होते. साप्ताहिकातला लेख त्यानंतरचा. त्यांनी त्याचं वाक्य उचललं, कुठून घेतलं ते सांगितलं नाही, आणि ‘संदर्भ हवा’ तेवढं गाळलं. मग आणखी कुणी ते छापलेलं बघून आमच्याच वाक्याला आमचंच वाक्य संदर्भ म्हणून लावलं. मोबाइलवर फोटो काढून लोकांनी ते गावोगाव फिरवलं.

“हे माजं हाय,” तो म्हणाला. “ह्ये वाक्य माजं हाय. मी कबड्डी कवा बगितली पन नाय.” तो ऑइलच्या डब्यावर बसला आणि दोन्ही धुतलेल्या हातांनी स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागला. मीच त्याचे हात धरले. ज्याला मारायला आले त्याला मारापासून वाचवायची पाळी माझ्यावर आली, आणि त्याचा मला आणखी राग आला.

साप्ताहिकाला त्यानं माझ्यासमोर फोन लावला, एकदम चर्चापानाच्या आवाजात. तिकडचा माणूस हसून म्हणाला, की हो, नेटवरून घेतलं, तिथलं सगळ्यांचंच असतं ना? एवढंच जर त्यांनी लेखाखाली छापलं असतं, की अमुक ठिकाणाहून घेतलं, तर कुणीही अर्ध्या घटकेत ओळखलं असतं की हे आमचंच वाक्य फिरून आमच्याकडे आलंय. एका ओळीची सभ्यता त्यांनी टाळली आणि मामांचा जबडा गेला. मला अजून त्या माणसाचा गळा धरावासा वाटतो.

रोह्याच्या माणसानं चर्चापानावर सगळं मांडलं: चूक कुणाची, शब्द कुणाचा, कोण आधी, कोण नंतर. बाकीच्यांनी बघितलं, खात्री केली आणि वाक्य गेलं. तिथे ते इतकं शांतपणे मिटलं की मला रडू आलं. पण त्या मुलाच्या मोबाइलमधला फोटो तसाच होता. तो काही चर्चापान वाचणार नव्हता.

“जाऊ या त्याच्याकडं,” रोहेकर म्हणाला. “वाक्य माजं, तर सांगनार पन मीच.”

आम्ही गेलो तेव्हा खाडीकाठच्या त्या मैदानावर मांडव घालत होते. मॅट गुंडाळून बाजूला ठेवलेली, खाली अजून माती. तो मुलगा खांब पुरत होता. बापासारखाच तगडा. रोहेकरानं त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, की ते खोटं होतं, माझ्या हातून चुकलं, आता काढलंय.

“काढलं?” मुलगा म्हणाला. “मंग आदी कशाला लिवलं?”

आणि त्यानं ठोसा मारला. रोहेकर मागे खांबावर आपटला. ओठ फाटून रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. त्यानं तोंडातलं रक्त थुंकलं आणि एकही शिवी दिली नाही. मला ते बघवेना. मांडवाचे लोक जमा व्हायला लागले, कुणाच्या हातात बांबू, कुणाच्या हातात पहार.

मी मध्ये घुसले. म्हटलं, “तुझा बाप गेला तेव्हा मी इथं होते. मी बघितलंय.”

“कशावरनं?” तो म्हणाला. “पुरावा काय?”

त्याचंही बरोबर होतं. हाच प्रश्न मला सगळ्या जगानं विचारला होता. मी ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि मातीत उतरले.

“रेड मार,” मी म्हटलं. “तुझा बाप गेला तशी. वाकून, मुसंडी मारून ये.”

“बाईमानसाला हात नाय लावायचा मी.”

“म्हाताऱ्याला लावलास ना? ये.”

लोक हसले, त्यानं त्याचं रक्त तापलं. तो आला. मी छातीवर धरलं, तो वाकला, आणि तसंच झालं: माझा हात सरकून त्याच्या गळ्याला आला. त्याची मान माझ्या काखेत. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. तो बैलासारखा रेटत होता, मला त्याचा श्वास अडकलेला ऐकू येत होता. आवळलं असतं तर मान गेली असती, आणि त्या क्षणी मला आवळावंसं वाटत होतं. हे खरं सांगते. मामांचा सुजलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता.

मी बोटं उघडली. तो तोंडावर मातीत गेला, लांबपर्यंत घासत गेला. माझा गुडघा जागेवर राहिला नाही, मी त्याच्या पाठीवर कोसळले. बघणाऱ्यांतून कुणीतरी ओरडलं, “गुडगा टाकला बाईनं!” आणि मग तो ओरडणारा आपोआप गप्प झाला.

मुलगा बराच वेळ उठला नाही. कपाळ सोललं होतं. मातीत तोंड ठेवूनच त्यानं विचारलं, “मंग सोडला कशाला?”

“मान मोडेल म्हणून.”

“मोडलीच की,” तो म्हणाला. मग उठून बसला, डोळ्यांतली माती पुसत राहिला. ती नुसती माती नव्हती. जाताना त्यानं मला हात देऊन उभं केलं. “म्हाताऱ्याला सांगा, मी येनार नाय. त्याच्या वाटंला जानार नाय कदी.”

मी लंगडत, रोहेकर फाटका ओठ रुमालानं दाबत, तसेच वरसेला गेलो. मामींनी कडी काढली. मामा खाटेवर बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं, विजयी सामना सांगावा तसं. म्हटलं, “मामा, मिटलं सगळं. आता तो कधी येणार नाही.”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी मोडून आले आहे. तारांनी बांधलेल्या दातांतून एकेक शब्द ढकलत ते बोलायला लागले. मला खाली वाकून कान लावावा लागला.

“कोनी सांगितलं व्हतं गो तुला जायाला? मी धरून ठेवला असता तर मागनं बाकीच्यांनी दाबला असता. येक खांदा उतरला असता. जिता ऱ्हायला असता तो. मी सोडला म्हनून गेला.”

“तुम्ही त्याला वाचवायला सोडलात, मामा.”

“त्ये त्याच्या पोराला सांगायचं हाय मला. इतकी वर्सं सांगायचं हाय. त्याच्या दारात जायाचा धीर नाय झाला.” त्यांनी लाळ पुसली. “त्यो सोताहून आला. कबूल कर म्हनला. मी कबूलच करीत व्हतो गो. पन त्यानं जबडाच मोडला, मंग बोलू कसा?”